मूलपेशींची जोपासना

भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत १८९६ सालीं हाफकिन यांनीं प्लेगचे जंतु मांसरसाच्या चंबूंत वाढवून लस सिद्ध केली, हें आपण ऐकलें असेल. तेथून जवळच, परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेंत, पुढें मानवी मूलपेशी वाढविण्यांत आल्या. ‘काइंड-१’ व ‘काइंड-२’ या तेथील दोन पेशीवंशांचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला.

जंतु कितीहि वाढला तरी जंतुच राहतो. मूलपेशीचें तसें नाहीं. शरीराबाहेर फलित झालेला आणि दांपत्यानें संमतिपूर्वक दिलेला सुमारें पांच दिवसांचा गर्भ हें तिचें उगमस्थान. तिच्यापासून हृदयाची, यकृताची, मेंदूची अशी कोणतीहि पेशी घडूं शकते. म्हणूनच हयगय होतांच ती नको तें रूप घेते. तिला ३७ अंश उष्णतेंत, पोषक पेशींच्या थरावर वाढवितात. रस वारंवार बदलतात आणि दाटी होतांच पुंजके विभागतात.

परंतु वाढविणें हें अर्धेंच काम. गुणसूत्रें ४६ आहेत ना, ऑक्ट-४ व नॅनॉग हीं प्रथिनें दिसतात ना, गर्भाचे तिन्ही थर तिच्यापासून होतात ना, हें पुनःपुन्हां पारखावें लागतें. पारख चुकली, तर प्रयोगाचा निष्कर्षहि खोटा ठरतो.

शेवटीं जतन. बर्फाच्या स्फटिकांनीं पेशी फुटूं नयेत म्हणून रक्षक द्रव घालून त्या गोठवितात आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनांत ठेवितात. कुपीवरील नांव आणि आंतील पेशी यांचा मेळ वर्षानुवर्षें राखला, तरच त्या दांपत्याचें दान सार्थकीं लागतें.