भूकंप हा दैवाचा कोप नव्हे!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर हादरला. हजारो माणसे झोपेतच गेली. कोणी याला दैवाचा कोप म्हणतो. परंतु कारणाशिवाय कार्य नाही, हीच भगवान बुद्धांची शिकवण. खडकांत साठलेला ताण सुटतो, तोच भूकंप. किल्लारीचे माप सुमारे ६.२ होते, आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. पण माणसे मेली ती दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली. मार्च व जुलै २०२४ मध्ये हिंगोलीचे धक्के नांदेडलाही जाणवले. म्हणून बंधुभगिनींनो, आम्ही कळकळीने सांगतो: पत्र्यावरचे दगड आजच उतरवा. नवे घर बांधताना भिंतींना सिमेंट-सळईचा पट्टा घाला. नवसाने भिंत थांबत नाही, पट्ट्याने थांबते. जय भीम!