बोटभर एंजिनाचें इंधन

शाळेच्या पटांगणावर आमचें लहानसें विमान घोंगावूं लागलें, म्हणजे पाहावयास आलेला एखादा पालक हटकून विचारतो, "मास्तर, ह्यांत ठिणगी पाडण्याची सोय कोठें दिसत नाहीं, मग हें पेटतें तरी कसें?" प्रश्न मार्मिक आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

सायकलींत हवा भरतांना पंपाचें तोंड ऊन होतें, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. हवा झपाट्यानें दाबली कीं ती तापते. ह्याच तत्त्वावर रूडॉल्फ डिझेल ह्या जर्मन शोधकानें १८९७ मध्यें ऑग्सबर्ग येथें आपलें एंजिन यशस्वी केलें. त्यांत आधीं हवा दाबून तापवितात व मग तींत तेलाचा फवारा सोडितात. परंतु एक-दोन घनसेंटिमीटरांच्या एंजिनास पुरेल इतका सूक्ष्म फवारा मारणारा पंप करणें फार कठीण. म्हणून १९४० च्या सुमारास स्वित्झर्लंडांत व १९४६ पासून इंग्लंडांत 'मिल्स' इत्यादि जीं छोटीं एंजिनें निघालीं, त्यांत हवा व इंधन हीं आधींच एकत्र करून आंत घेतात व दोन्ही मिळून दाबतात. काटेकोरपणें पाहतां त्यांस डिझेल म्हणणें बरोबर नव्हे. पण नांव रूढ झालें तें झालें.

ठिणगी नाहीं, फवारा नाहीं; तेव्हां सारा भार इंधनावरच पडतो. त्यांत रॉकेल, ईथर व एरंडेल असे तीन पदार्थ असतात. शक्ति मुख्यतः रॉकेल देतें. पण आपोआप पेटण्यास त्याला सुमारें २१० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. ईथर त्याहून पुष्कळ कमी उष्णतेवर पेटतें व रॉकेलास पेटवितें. एरंडेल दट्ट्यास वंगण पुरवितें. पण एरंडेल व रॉकेल एकमेकांत नीट विरघळत नाहींत. त्यांचा मेळ घालण्याचें कामही ईथरच करितें.

आम्हीं आरंभ केला तो तिन्ही पदार्थ समभाग घेऊन. नव्या एंजिनास हें मिश्रण मानवतें. पुढें एरंडेल चौथ्या हिश्शावर आणून तितकें रॉकेल वाढविलें, तेव्हां गति वाढली. एरंडेल आणखी कमी करतांच मात्र नळकांडें फार तापूं लागलें, म्हणून आम्हीं मागें फिरलों. एका वेळीं एकच प्रमाण बदलावयाचें व तें लगेच वहींत टिपावयाचें, हा आमचा नियम.

तरीही एकदां फसलों. एंजिन चालूं होईना. पंखा फिरविणाऱ्या विद्यार्थ्यावर आम्ही रागावलों, "तुझा हात अजून बसलेला नाहीं!" मग दाब वाढविण्यासाठीं माथ्यावरचा स्क्रू आम्हीं स्वतः पिळला, पुन्हां पिळला, आणि पंख्यास जोरानें हिसका दिला. आंतला दांडा वांकला. मुलांनीं वर्गणी काढून घेतलेलें तें एंजिन! नंतर बाटलीकडे पाहतों तों बूच सैल, आणि तेल गढूळ झालेलें. ईथर उडून गेलें होतें. दोष मुलाच्या हाताचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. बूच आम्हींच लाविलें होतें. सर्व वर्गादेखत आम्हीं त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली.

पालकांस एक विनंति. ईथर ३५ अंशांच्या आंतच उकळतें. आपल्याकडील उन्हाळ्यांत उघड्या भांड्यांतून तें पाहतां पाहतां नाहींसें होतें. त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सरपटत दूरच्या चुलीपर्यंत पोहोंचते व पेट घेते. ती हुंगल्यास गुंगी येते. १८४६ मध्यें बॉस्टन येथें शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यास हेंच हुंगविलें होतें. शिवाय हवेंत व उजेडांत फार दिवस राहिल्यास त्यांत स्फोटक द्रव्य तयार होतें. म्हणून मिश्रण मोकळ्या जागीं, विस्तवापासून दूर व जाणत्या माणसाच्या देखतच करावें. लागेल तितकेंच करावें. आणि गडद रंगाच्या बाटलींत घट्ट बूच लावून ठेवावें.

आमच्या बाटलीवर आतां दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: मिश्रण केल्याची तारीख, आणि बूच लावणाऱ्याचें नांव.