पेल्याच्या तळाशी काय होते?

लेखमाला : लिहायला शिकताना – भाग ६

९ नोव्हेंबर १८७४ची सकाळ. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर फिरून बंगल्यावर परतले आणि रोजच्यासारखा ठेवलेला पपनसाच्या सरबताचा पेला त्यांनी उचलला. दोन-तीन घोट घेतले. चव बरी वाटली नाही. थोड्या वेळाने मळमळू लागले, तेव्हा उरलेले सरबत त्यांनी बाहेर फेकून दिले. पेला खाली ठेवताना त्यांची नजर तळाशी गेली. तिथे काळपट गाळ होता. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांना बोलावणे गेले. त्यांनी गाळ तपासला, मग तो मुंबईला सरकारी रसायनतज्ज्ञ डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. गाळात सोमल निघाला आणि चकाकणारी पूडही निघाली. ती पूड हिऱ्याची असल्याचे सांगितले गेले.

रहस्यकथेची याहून चांगली सुरुवात बाबूराव अर्नाळकरांनाही सुचली नसती. पण ही कथा नव्हे, बडोद्याच्या इतिहासातले प्रकरण आहे. त्याच्या शेवटी बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांची गादी गेली.

निबंध शिकवायला असे रहस्य फार उपयोगी पडते. अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला निबंधलेखन हा स्वतंत्र विषय असतो आणि तो शिकवण्यासाठी मुद्दाम रहस्यकथा निवडणारे प्राध्यापक तिथे आहेत. मुलांना गोडी लागावी हा हेतू असतोच, पण खरे कारण वेगळे आहे. गुप्तहेर जे काम करतो तेच निबंध लिहिणाऱ्याने करायचे असते. काय दिसले, त्यावरून काय निघते आणि काय निघत नाही, हे वेगवेगळे ठेवायचे. आपल्याकडच्या निबंधात नेमके हेच तिन्ही एकमेकांत कालवले जाते.

बडोद्याच्या प्रकरणावरून हे वर्गात सहज दाखवता येते. फळ्यावर तीन वाक्ये लिहावीत. पहिले : पेल्याच्या तळाशी काळपट गाळ होता. दुसरे : सरबतात कोणीतरी विष कालवले. तिसरे : ते महाराजांच्या सांगण्यावरून कालवले. पहिले वाक्य डोळ्यांनी पाहिलेले आहे. दुसऱ्यासाठी डॉक्टर ग्रे यांचा अहवाल लागतो. तिसऱ्यासाठी अहवाल कितीही बारकाईने वाचला तरी उपयोग नाही, तिथे माणसांच्या साक्षी लागतात. विद्यार्थी मात्र या तीन वाक्यांमध्ये ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ घालून मोकळा होतो, आणि वाचताना सगळे सरळ एका ओळीत आल्यासारखे वाटते. ‘म्हणून’ हा शब्द लिहिण्यापूर्वी त्याच्या मागे कोणता पुरावा उभा आहे हे सांगता आले पाहिजे, एवढी एक सवय पहिल्या वर्षात लागली तरी लेखन निम्मे सुधारते.

साक्षी मिळाल्या त्या अशा. तपास मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर यांच्याकडे होता. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी याने कबुली दिली. डिसेंबरात त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली आणि ती शोधून काढली अकबर अली या पोलीस अधिकाऱ्याने. पुढे महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले. १८७५च्या जानेवारीत मल्हाररावांना अटक झाली आणि २३ फेब्रुवारीला चौकशी आयोगापुढे कामकाज सुरू झाले. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले होते. त्यांनी पोलिसांवरच उलट तोफ डागली. घटनेनंतर इतक्या दिवसांनी पुडी पट्ट्यात मिळते कशी, आणि ती तिथे ठेवली कोणी?

आणखी एक गोष्ट तारखांत दडलेली आहे. फेअर यांना बडोद्यातून हलवावे, अशी मागणी करणारा खलिता दरबाराने २ नोव्हेंबरला व्हाइसरॉयकडे पाठवला होता. त्या वेळी दिवाण होते दादाभाई नौरोजी. म्हणजे ज्या माणसाला कायदेशीर मार्गाने हटवायची विनंती नुकतीच केली, त्याच्यावर आठवड्याच्या आत विषप्रयोग! बचावाच्या दृष्टीने हा मुद्दा भक्कम होता. उलट फिर्यादीलाही म्हणता येत होते की, वैर किती टोकाला गेले होते ते या खलित्यावरूनच दिसते. पुरावा एकच, अर्थ दोन. निबंधात विरुद्ध बाजू मांडायची म्हणजे शेवटी ‘काही लोकांचे मत वेगळे आहे’ असे एक वाक्य टाकायचे नसते. समोरच्याला हाच पुरावा कसा दिसेल हे त्याच्या जागी उभे राहून लिहायचे असते.

पुरावा कधी कधी न घडलेल्या गोष्टीतही असतो. शेरलॉक होम्सच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या १८९२च्या कथेत रात्री कुत्रा भुंकत नाही, आणि न घडलेली ही गोष्टच उलगड्याची किल्ली ठरते. भालबा केळकरांच्या अनुवादांतून मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना होम्स घरचा झाला. जे नाही त्याकडेही पाहायला शिकवण्यासाठी ही एकच कथा पुरे.

बडोद्याच्या त्या सहा जणांच्या चौकशी आयोगात अध्यक्ष सर रिचर्ड कौच यांच्यासह तीन इंग्रज होते. बाकीचे तिघे म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. साऱ्यांनी तेच साक्षीदार ऐकले, तीच उलटतपासणी पाहिली. तिघा इंग्रजांनी महाराजांवरचा आरोप खरा धरला. तिघा हिंदी सदस्यांना तो सिद्ध झाला असे वाटले नाही. महाविद्यालयातल्या वर्गासाठी यापेक्षा चांगला अभ्यास शोधूनही मिळणार नाही. अर्ध्या वर्गाने कौच यांच्या बाजूने लिहावे, अर्ध्याने दिनकररावांच्या बाजूने, आणि पुढच्या तासाला बाजू बदलून घ्याव्यात. ‘विज्ञान शाप की वरदान’ हा विषय देऊन मुलांकडून जे कधीच निघत नाही, ते इथे आपोआप निघू लागेल. कारण इथे काहीतरी ठरवायचे आहे, आणि ठरवायला लागणारी सामग्री समोर आहे.

रहस्यकथेचा एक धोका मात्र शिक्षकाने ओळखायला हवा. कथाकार उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवतो. निबंधकाराने तसे केले तर वाचक चौथ्या परिच्छेदाला कंटाळतो. म्हणून पूर्ण कादंबरीपेक्षा तिच्या शेवटच्या प्रकरणाचा नमुना पुढे ठेवावा. त्यात पोअरोसारखा गुप्तहेर सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि एकेक पुरावा मांडत, एकेक शक्यता खोडत जातो. ते प्रकरण हा उत्तम निबंधच असतो. रोनाल्ड नॉक्स हे धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत. त्यांनी १९२९ साली या कथाप्रकाराचे दहा नियम सांगितले, त्यातला एक असा की गुप्तहेराला मिळालेला दुवा वाचकापासून लपवता कामा नये. निबंधालाही हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. आणि १८४१ साली या कथाप्रकाराचा पाया घालणाऱ्या एडगर ॲलन पोनेच पाच वर्षांनी लेखनाच्या रचनेवर निबंध लिहिला. शेवट आधी नक्की करून मग मागे मागे येत रचना करावी, असे त्याचे प्रतिपादन होते.

बडोद्याचा संबंध लेखनाच्या वर्गाशीही आहे. मल्हाररावांनंतर गादीवर आलेल्या सयाजीरावांच्या काळात, १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झाले. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा त्या कॉलेजच्या घुमटाच्या इमारतीत भरते. याच कॉलेजात अरविंद घोष इंग्रजी शिकवत होते. ते बडोद्यात १८९३ ते १९०६ या काळात होते. मुले प्राध्यापकांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतात आणि पाठ करतात, याचे त्यांना आश्चर्य वाटे. परीक्षक होण्याची शक्यता असलेल्या मुंबईच्या प्राध्यापकांच्या नोट्सही मुले मिळवत. इंग्रज लेखक सदी याच्या नेल्सन-चरित्रावर ते एकदा बोलत असताना मुलांनी तक्रार केली की हे नोट्सशी जुळत नाही. आपण नोट्स वाचलेल्याच नाहीत, असे त्यांनी सांगून टाकले. पाटकर नावाच्या विद्यार्थ्याने इंग्रजी सुधारण्यासाठी मेकॉले वाचू का, असे विचारले, तेव्हा त्यांनी कोणाचेही दास्य न पत्करता स्वतः विचार करून आपली शैली घडवण्याचा सल्ला दिला. आज नोट्सची जागा गाईडने आणि मोबाइलवरच्या आयत्या उताऱ्यांनी घेतली आहे. पण पाठ केलेले उत्तर सरबताच्या पेल्यापुढे चालत नाही, कारण सहा न्यायकर्त्यांनाही तिथे एक उत्तर सापडले नव्हते.

या प्रकरणाचा शेवट निबंधाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. एप्रिल १८७५मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले, पण त्या जाहीरनाम्यात विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाल्याचा आधार घेतलेला नाही. कारण दिले गेले ते गैरकारभाराचे. चौकशी एका प्रश्नाची, निकाल दुसऱ्याच प्रश्नावर. मल्हारराव १८८२ साली मद्रासला वारले.

आयोगापुढच्या साक्षी इंग्रजीत छापलेल्या आहेत. बडोद्यातल्या इंग्रजीच्या आणि मराठीच्या प्राध्यापकांनी येत्या सत्रात त्यातली रावजीची एकच साक्ष आणि तिच्यावरची उलटतपासणी वर्गात न्यावी आणि मुलांना दोन पानांत आपला निष्कर्ष लिहायला सांगावे. साक्षीदाराचे म्हणणे आपल्या लेखनात उद्धृत कसे करावे, हे पुढच्या भागात.