आजोबांची ब्युइक, नातवाचा वीकेंड

जुनी गाडी जपायची तर ती महागडी, दुर्मिळच पाहिजे असं कुठंय? अमेरिकेत काही मंडळी चक्क साध्यासुध्या फॅमिली सेडानच्या प्रेमात पडलीत. हात काळे करणारा, पण डोकं शांत ठेवणारा हा छंद आहे तरी काय?

‘जुनी अमेरिकन गाडी’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लांबलचक बॉनेट, क्रोमचा झगमगाट, मागे विमानासारखे पंख आणि स्टीअरिंगवर हॉलिवूडचा एखादा हीरो. पण खरं सांगायचं तर अमेरिकेतला सामान्य माणूस असल्या गाडीतून ऑफिसला जात नव्हता. तो जायचा बेज रंगाच्या, चार दारांच्या, कुणी वळूनही बघणार नाही अशा सेडानमधून. पूर्वी ऑनसाइटला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. शेजारच्या रिटायर्ड काकांच्या दारात अशी एखादी गाडी हमखास दिसायची. बऱ्याचदा ती ब्युइक लसेबर असायची.

आता गंमत बघा. पंखवाल्या गाड्या म्युझियममध्ये सुखरूप आहेत. बेज सेडान मात्र गुपचूप भंगारात चालल्यात. तिला वाचवायला सरकार येणार नाही, कंपनी येणार नाही आणि श्रीमंत कलेक्टर तर नाहीच नाही. उरतो तो शनिवार-रविवार मोकळा असलेला, पानापेटी घेऊन बसणारा हौशी माणूस!

खानदान मोठं आहे!

लसेबर १९५९ ते २००५ इतकी वर्षं विकली गेली. शेवटच्या पिढीची गाडी पाच मीटरपेक्षा लांब. पुढे सलग बाकडं घेतलं तर तिघं पुढे, तिघं मागे. सोफ्यावर बसून हायवेला लागल्यासारखं सुख! त्या काळातली तरुण पिढी तिला ‘आजोबांची गाडी’ म्हणून हसायची. आज तेच बिरुद कौतुकानं मिरवलं जातं.

तिच्या इंजिनाची गोष्ट तर एखाद्या सिनेमासारखी आहे. ब्युइकनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला एक व्ही-सिक्स इंजिन आणलं आणि १९६७ मध्ये त्याची यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कंपनीला विकून टाकली. मग १९७३ चं तेलसंकट आलं. मोठमोठी इंजिनं परवडेनात. १९७४ मध्ये जनरल मोटर्सनं विकलेली तीच यंत्रसामग्री परत विकत घेतली! त्यातूनच सुधारत सुधारत ३.८ लिटरचं ‘३८००’ इंजिन तयार झालं. १९९६ पासूनच्या लसेबरमध्ये ते २०५ हॉर्सपॉवर देतं. रचना जुन्या वळणाची, ब्लॉक बिडाचा. म्हणूनच ते टिकतं.

मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात ब्युइकचा अवाढव्य कारखाना होता, ब्युइक सिटी. जून १९९९ मध्ये तो बंद झाला. तिथून बाहेर पडलेली शेवटची गाडी होती लसेबरच. पुढे २००८ मध्ये ३८०० इंजिनाचं उत्पादनही थांबलं. म्हणजे आज कुणाच्या दारात १९९९ च्या आधीची, फ्लिंटमध्ये बनलेली लसेबर उभी असेल, तर ती एका अख्ख्या शहराच्या कामाची आठवण आहे.

आधी कोरडी, मग चकाचक

नवखा छंदिष्ट गाडी घरी आणतो आणि पहिल्याच रविवारी पॉलिश काढून बसतो. जाणकार मात्र आधी बॉनेट उघडतात. त्यांचा फंडा सोपा आहे: पहिलं सुरक्षित, दुसरं कोरडी आणि चकाचक सगळ्यात शेवटी.

सुरक्षित म्हणजे ब्रेक, टायर, सस्पेन्शन. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाशी बसतं आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या गंजवतं. वरून गाडी नवरीसारखी नटलेली, खाली नळी फुटायला आलेली, हा प्रकार तिकडे नवा नाही. त्यामुळे विकत घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायची, हा पहिला नियम. नळ्या बदलायचं काम मात्र मेकॅनिककडेच द्यायचं.

कोरडी म्हणजे कुठंही गळती नको. ३८०० इंजिन दणकट असलं तरी त्याचे दोन हळवे कोपरे आहेत. एक, कूलंट वाहून नेणारे प्लॅस्टिकचे दोन छोटे एल्बो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं ते बिस्किटासारखे ठिसूळ होतात. कूलंट हळूहळू कमी होत असेल, गोडसर वास येत असेल, तर संशय इथंच घ्यायचा. पार्ट अगदी किरकोळ किमतीचा आणि त्याऐवजी धातूचे एल्बोही मिळतात. दुसरा कोपरा जास्त धोक्याचा. इंजिनात हवा नेणारा वरचा भाग प्लॅस्टिकचा आहे आणि त्याच्या आतून गरम एक्झॉस्टची एक नळी जाते. तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक कमकुवत झालं की कूलंट थेट सिलिंडरमध्ये उतरू शकतं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी नाही. मग आतला दांडा वाकतो आणि इंजिनाचा खेळ खल्लास! म्हणूनच हा भाग बिघडायची वाट न बघता, बारीक नळीचा सुधारित सेट आधीच बसवून घेतात.

दोन गोष्टी मात्र कायम लक्षात ठेवायच्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, खाली भक्कम स्टँड हवेच. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसायचं. ते चवीला गोड असतं, पण कुत्र्या-मांजरांसाठी जीवघेणं विष.

मग येतो मेकअप!

आता चकाचक! सर्वात झटपट फरक पडतो हेडलाइटनं. उन्हानं पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच पाणी लावून आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरनं घासायची आणि पॉलिश करायची. शेवटी ऊन रोखणारा लेप द्यायला विसरायचं नाही. तो दिला नाही तर काही महिन्यांतच पुन्हा कावीळ.

छताचं कापड लोंबकळणं हा या वयाच्या गाड्यांचा ठरलेला आजार. कापडामागच्या फोमचा भुगा झालेला असतो. टाचण्या टोचून भागत नाही. छताचा पुठ्ठा बाहेर काढून, भुगा खरवडून, फोमचं नवं कापड स्प्रेच्या गोंदानं चिकटवावं लागतं. दोघांचं काम आहे, मित्राला बोलवा.

रंगाचं म्हणाल तर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर आधी क्ले, मग पॉलिश, मग वॅक्स. वरचा पारदर्शक थर पापुद्र्यासारखा सुटला असेल, तर मात्र पॉलिशचा उपयोग नाही. तिथं पेंटरच लागतो.

हिशेबाचं काय, राव?

खरी मेख इथं आहे. अशा गाडीची बाजारातली किंमत इतकी कमी असते की पार्किंगमध्ये कुणी दार ठोकलं, तरी विमा कंपनी ‘दुरुस्ती परवडत नाही’ म्हणून ती निकालात काढू शकते. तुमचे सहा महिन्यांचे रविवार त्या हिशेबात धरले जात नाहीत. म्हणून शहाणी मंडळी गाडीची किंमत आधीच ठरवून घेणारा, कलेक्टरांसाठीचा विमा बघतात.

पार्टसाठी दोन रस्ते. एक ऑनलाइन दुकानं, दुसरा जंकयार्ड. तिथं आपले पाने आपणच न्यायचे आणि हवा तो पार्ट स्वतः खोलून आणायचा. पण हा खजिनाही आटत चाललाय. २००९ मध्ये जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्यांना अमेरिकी सरकारनं ३,५०० किंवा ४,५०० डॉलरची सूट दिली आणि सुमारे पावणेसात लाख गाड्या भंगारात गेल्या. त्यांच्या इंजिनांत रसायन ओतून ती कायमची निकामी केली गेली. शिवाय नव्या सेडानही आटल्या. फोर्डनं अमेरिकेतली आपली शेवटची सेडान २०२० मध्ये थांबवली, शेवर्लेची मालिबू २०२४ मध्ये संपली.

आणखी एक अडचण, खास भाड्यानं राहणाऱ्यांसाठी. अनेक अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये गाडी खोलायला बंदी असते. तेव्हा गाडीआधी गॅरेजवाला मित्र शोधा!

पंचविशीत ‘अँटिक’

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत २५ वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळू शकते. १९३५ मध्ये स्थापन झालेला तिथला मोठा अँटिक कार क्लबही २५ वर्षांचीच अट धरतो. म्हणजे फ्लिंटची शेवटची लसेबर २०२४ मध्येच या मानाला पात्र झाली. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणवून घ्यायला पन्नाशी ओलांडावी लागते, आणि पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी नव्यानं करावी लागते. त्यामुळे मधल्या वयाच्या गाड्यांचे हाल इथंही तसेच.

दिवसभर स्क्रीनवर केलेलं काम संध्याकाळी हातात धरून दाखवता येत नाही. बदललेला एल्बो दाखवता येतो. गळती थांबली की जमीन कोरडी दिसते. त्यासाठी कुणाचं अप्रेझल लागत नाही. बाबांची जुनी गाडी अजून सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात असेल, तर या रविवारी पॉलिशची बाटली राहू द्या. आधी टॉर्च घेऊन खाली वाकून बघा, काही गळतंय का!