विजेचा सावध पहारेकरी

यावल तालुक्यांतील केळीच्या बागा बहुतांशीं विहिरींच्या पाण्यावर पोसल्या जातात, आणि तें पाणी वर काढण्याचें काम विजेची मोटार करते. तिच्या पेटींतील फ्यूज हा तिचा पहारेकरी होय. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला म्हणजे त्यांतील धातु वितळतो व प्रवाह बंद पडतो.

परंतु मोटारीचा स्वभाव दिव्यासारखा नाहीं. दहा अश्वशक्तीची मोटार चालतांना सुमारें १४ अँपिअर प्रवाह घेते. थेट सुरू होतांना मात्र कांहीं क्षण त्याच्या सहापट ओढते. बेताचा साधा फ्यूज एवढ्यानेंच जळतो. मग मालक त्रासून तेथें जाड तार बांधतो, आणि खरें संकट आलें म्हणजे तारेऐवजीं मोटारच जळते.

यावर उपाय विलंबानें वितळणाऱ्या फ्यूजचा. चिनी मातीच्या नळींत बारीक वाळू भरून तींतून खाचा पाडलेली रुप्याची वा तांब्याची पट्टी नेलेली असते. तिजवर कथिलाचा ठिपका असतो. क्षणिक भार ही पट्टी सोसते. तो टिकून राहिला तर कथील वितळून पट्टीस खातें. तारा एकमेकींस भिडल्या तर मात्र खाचा तत्काळ वितळतात, वाळू ठिणगी विझविते, आणि प्रवाह शिखरास पोहोंचण्यापूर्वींच, सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आंत, आवरला जातो.

विद्यार्थ्यांनो, पेटीस स्वतः हात लावूं नका. परंतु तींत जाड तार नसून योग्य मापाचा फ्यूज आहे ना, हें वडिलांस अवश्य विचारा. कोठवर सोसावें व केव्हां थांबवावें हें ज्यास कळतें, तोच खरा रक्षक.