पाठलागाचे स्वप्न आणि बेन सीराची साक्ष

कोणी तरी मागे लागले आहे, आपण जिवाच्या आकांताने धावत आहोत, पाय मात्र जमिनीला खिळल्यासारखे जड झाले आहेत आणि हाक मारावी तर कंठातून शब्द फुटत नाही. अशा स्वप्नाचा अर्थ विचारण्यासाठी येणारी माणसे प्रत्येक पाळकाच्या परिचयाची आहेत. कधी मागे सर्प असतो, कधी पिसाळलेले कुत्रे, कधी पोलीस, तर कधी ज्याचे तोंड दिसत नाही असा मनुष्य. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की हे कशाचे चिन्ह आहे?

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. पहिले स्वप्नफलाच्या पुस्तिकांतले: सर्प मागे लागला म्हणजे एखादा नवस फेडावयाचा राहिला, इत्यादी. दुसरे आपल्याच मंडळीतले: ‘तू योनाप्रमाणे देवापासून पळत आहेस.’ पहिल्या उत्तराचे खंडन व्यासपीठावरून पुष्कळदा झालेले आहे. दुसऱ्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आणि माझ्या मते ते अधिक घातक आहे, कारण ते पवित्र शास्त्राच्या नावावर दिले जाते. वस्तुतः योनाच्या पुस्तकात स्वप्नाचा उल्लेखच नाही. देवापासून खरोखर पळणारा तो मनुष्य जहाजाच्या तळाशी, ऐन वादळात, गाढ झोपला होता.

पाठलागाच्या स्वप्नाविषयी काही शोधावयाचेच असेल, तर ते बेन सीराच्या ज्ञानग्रंथात शोधावे. इ. स. पूर्व 180 च्या सुमारास यरुशलेमेत हा ग्रंथ हिब्रू भाषेत लिहिला गेला आणि पुढे ग्रंथकाराच्या नातवाने मिसर देशात त्याचे ग्रीक भाषांतर केले. ज्यांच्या बायबलात हा ग्रंथ नाही त्या प्रॉटेस्टंट बांधवांनीही, निदान एका सूक्ष्म निरीक्षकाची साक्ष म्हणून, त्याचा चाळिसावा अध्याय वाचावा. तेथे लेखक आदामाच्या संततीवर लादलेल्या जोखडाचे वर्णन करतो. सिंहासनावर बसणारा असो वा राखेत बसणारा, मुकुटधारी असो वा जाडेभरडे वस्त्र पांघरणारा, सर्वांच्या वाट्याला क्रोध, मत्सर, अस्वस्थता आणि मरणाची धास्ती आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावरही त्याला फारशी विश्रांती नाही. रणांगणातून पळालेल्या माणसासारखा तो आपल्या मनातल्या दृश्याने व्याकूळ होतो, आणि नेमक्या सुटकेच्या क्षणी जागा होऊन, आपले भय निराधार होते याचे आश्चर्य करीत राहतो.

या वर्णनात जे नाही तेही महत्त्वाचे आहे. मागे लागलेला शत्रू कोण हे बेन सीरा सांगत नाही, आणि उद्या काय घडेल हेही सांगत नाही. तो स्वप्नाच्या आधी दिवसाची यादी देतो: क्रोध, मत्सर, धास्ती. रात्रीचे पलायन हे त्या दिवसाचेच पुढले पान आहे. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही आपली म्हण फार दूरची नव्हे. शिवाय हे स्वप्न तो राजाला आणि भिकाऱ्याला सारखेच देतो. ते कोणाच्या विशेष अपराधाची खूण मानीत नाही. लगेच पुढच्या वचनात पाप्यांवर हे सातपट येते असे म्हटले आहे, हे खरे. आणि उपदेशक नेमके तेवढेच वाक्य उचलतात! परंतु पाप्याला ते अधिक छळते म्हणजे ज्याला छळते तो पापी, असा उलटा न्याय तेथे नाही. ईयोबाच्या पुस्तकात देव ज्याला नीतिमान म्हणतो तोच मनुष्य, सातव्या अध्यायात, देव आपल्याला स्वप्नांनी घाबरवितो अशी तक्रार करतो.

याच ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात स्वप्नांवर विसंबणाऱ्याची तुलना सावली धरू पाहणाऱ्याशी आणि वाऱ्याचा पाठलाग करणाऱ्याशी केली आहे. परात्पराने स्वतः धाडलेले स्वप्न एवढाच अपवाद बेन सीरा मान्य करतो. योसेफ आणि दानिएल यांनी उलगडलेली स्वप्ने आपण त्या अपवादात धरतो. पण त्यांत पाठलागाचे एकही नाही. एसावाच्या भयाने पळालेल्या याकोबाला बेथेल येथे जे स्वप्न पडले, त्यात एसाव नव्हता, शिडी होती.

हा अनुभव केवळ इब्री लोकांचा नाही. ‘इलियड’च्या बाविसाव्या सर्गात अखिलिस हेक्टरचा पाठलाग करतो, तेव्हा होमरने दिलेली उपमा स्वप्नाचीच आहे: पळणाऱ्याला निसटता येत नाही आणि धावणाऱ्याला गाठता येत नाही. आधुनिक संशोधनही याला दुजोरा देते. कॅनडातील विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सर्वाधिक विद्यार्थ्यांना पडलेले स्वप्न पाठलागाचेच होते. फिनलंडचे रेव्होन्सुओ यांनी 2000 साली असे मत मांडले, की संकटातून निसटण्याची तालीम म्हणून मानवी मेंदूने ही स्वप्ने जपली असावीत. हे मत सर्वमान्य नाही.

देहाचा भाग मात्र पाळकाने जाणून घेतलाच पाहिजे. संत थॉमस अक्विनास यांनीही स्वप्नाच्या कारणांत शरीराची अवस्था गणली होती. ज्या निद्रेत डोळे पापण्यांआड जलद हालतात ती निद्रा 1953 साली शिकागो येथे ओळखली गेली. ठसठशीत स्वप्ने बहुधा याच निद्रेत पडतात, आणि त्या वेळी हातापायांचे स्नायू जवळजवळ निश्चल असतात. स्वप्नातले पाय जड होतात ते यामुळेच, असे काही अभ्यासक मानतात. काही माणसांत, विशेषतः पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत, हा लगाम सुटतो. मागे लागलेल्या मारेकऱ्याला तो खरोखरच लाथा मारतो, ओरडतो, पलंगावरून पडतो; शेजारी झोपलेल्या पत्नीला इजा होते. या विकाराचे वर्णन 1986 साली अमेरिकेत झाले. पुढे काही वर्षांनी अशांपैकी अनेकांना पार्किन्सन किंवा तत्सम मज्जाविकार जडतो, असे आढळले आहे. अशा वृद्धावर भूतबाधेची प्रार्थना करण्यात वेळ दवडू नये, त्याला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे न्यावे. रक्तदाबाच्या काही औषधांनीही भयस्वप्ने पडू शकतात. ती औषधे परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. एखादी स्त्री सांगते की रोज रात्री कोणी तरी मला धरावयास येते. तिला योनाची गोष्ट सांगून पश्चात्तापाचा उपदेश करणारा पाळक, तिला घरी रोज मार पडत असेल तर, काय करून बसतो? जिथून पळून जाणे तिचा जीव वाचवील, तिथेच तो तिला देवाच्या नावाने परत पाठवितो. पळणे म्हणजे आज्ञाभंग, हे समीकरण शास्त्राचे नाही. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात योसेफाला पडलेल्या स्वप्नात आज्ञा आहे ती पळण्याचीच: बाळ व त्याची आई यांना घेऊन मिसरात जा, आणि तो रात्रीच निघतो. म्हणून अशा भेटीत प्रथम दिवसाची चौकशी करावी: घरी कोण आहे, भय कोणाचे आहे, आज रात्री निजावयास सुरक्षित जागा आहे काय. प्रश्न एकांतात विचारावेत, नवऱ्याच्या वा सासूच्या समक्ष नव्हे, आणि उत्तर घाईने मागू नये.

पूर्वी झालेल्या अत्याचाराची स्मृती जेव्हा स्वप्नात पुनःपुन्हा येते, तेव्हा तिच्यावर उपचार आहे. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट आपल्या इच्छेप्रमाणे बदलावयाचा आणि नवे स्वप्न रोज काही मिनिटे मनात घोळवावयाचे, अशी ती रीत आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर क्रॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यात भयस्वप्ने कमी झाल्याचे दिसून आले. हे काम शिकलेल्या मानसोपचारतज्ज्ञाचे आहे. पाळकाने तेथवर सोबत करावी.

आणि जो निरोगी मनुष्य केवळ घाबरून आला असेल, त्याच्याबरोबर रात्रीची प्रार्थना म्हणावी. रात्रीच्या भयाचा नामोल्लेख असलेले 91 वे स्तोत्र पाश्चात्य मंडळी शतकानुशतके निजण्यापूर्वी म्हणत आली आहे, आणि तिच्या त्याच प्रहरीच्या प्राचीन लॅटिन गीतात स्वप्ने व रात्रीचे आभास दूर जावोत अशी विनंती आहे. त्यांचा अर्थ कळावा, अशी विनंती त्यात नाही.