मशीनवर भागत नाही, बॉस!

‘शेक घेतला, करंट घेतला, बरं वाटलं. आता व्यायाम कशाला?’ फिजिओथेरपीवर लिहायचं म्हणून मित्रमंडळींना बोलतं केलं, तर आयटीवाल्यापासून बँकवालीपर्यंत बहुतेकांचा हाच फंडा! म्हटलं, क्लिनिकमध्ये आपल्यावर नेमकं काय करतात, ते बघूच.

शेक आणि बर्फ
गरम पॅकने त्या भागातला रक्तप्रवाह वाढतो, आखडलेले स्नायू सैलावतात. पाय नुकताच मुरगळलाय? मग बर्फ. त्याने वेदना बधिर होते. मात्र तो टॉवेलमध्ये गुंडाळूनच लावायचा, तोही दहा-पंधरा मिनिटं.

करंटची जादू
‘टेन्स’ मशीनच्या पॅडमधून हलक्या मुंग्या येतात. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्तानुसार, मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे संदेश पोचले, की ते थोडं लोटलं जातं. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो ना? तसंच!

पण यात एक गोची आहे. वेदना कमी झाली म्हणून स्नायू काही मजबूत होत नाही. जुनाट कंबरदुखीसाठी तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये टेन्स, अल्ट्रासाउंड आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारांत नकोत, असंच सांगितलं. व्यायामाला मात्र पसंती दिली.

खरा हीरो
गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं, की मांडीचा स्नायू झपाट्याने रोडावतो. म्हणून सुरुवातीला गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. दिसायला फुटकळ, पण झोपी गेलेला स्नायू यानेच जागा होतो. मग पाय सरळ ठेवून उचलणं, एका पायावर तोल सांभाळणं आणि खूप नंतर धावणं. मैदानावर परतायला नऊ महिने तरी धरून चाला.

माझ्या एका मित्राने दुखणं थांबताच तिसऱ्या आठवड्यात क्लिनिकला टाटा केला. दोन वर्षं झाली, क्रिकेट बंद आहे आणि जिना उतरताना अजून कठडा धरतो. वय? एकोणतीस!

तेव्हा पुढच्या वेळी मशीनवरून उठताना फिजिओला एवढंच विचारा, ‘घरी काय करू आणि दिवसातून किती वेळा?’ उत्तर मोबाइलमध्ये अलार्म लावून पाळा. आणि हो, पाय बधिर होत असेल किंवा त्यातली ताकद जात असेल, तर आधी डॉक्टर गाठा. शेक नंतर!